कशाकशाला हात लावलास?

थेल्मा ओस्टबीने बॉनेट उघडण्याआधी
एवढंच विचारलं.
तिच्या गॅरेजच्या पत्र्यावर वारा आपटत होता,
कट बँकच्या पलीकडून डोंगर उतरून येणारा,
कुंपणंच काय, माणसांनाही तिरकं करणारा.

प्लग बदलले, मी म्हणालो. सहाच्या सहा.
वायरी बदलल्या.
"आणि?"
डिस्ट्रिब्युटरचं टोपण. आतला रोटर.
"आणि?"
कार्बोरेटर सोडवला, धुतला, परत बसवला.
खालचं गॅस्केट नवं टाकलं.
"हे सगळं एका दिवसात?"
एका रविवारात.
तिने रविवारकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

शहाऐंशी सालचा फोर्ड.
आधी नुसता सकाळी खोकायचा.
आता उभा राहिला की हुडहुडी भरते त्याला,
आरसा असा हलतो
की मागे एक गाडी असली तरी दोन दिसतात.
पळवला की बरा.
शेजारच्या ड्वेनने निदान केलं होतं,
कॉम्प्रेशन गेलं, विकून टाक,
आणि भंगाराच्या भावात
घ्यायलाही तोच तयार होता.

थेल्माने वायरींवरून बोट फिरवलं :
एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.
अर्धवट पाठ झालेल्या पाढ्यासारखा हा क्रम,
पण बरोबर होता.
मग चालू इंजिनाची एकेक वायर उपटून बघितली.
दरवेळी इंजिन तेवढंच खचलं,
दरवेळी तेवढंच सावरलं.
"सहाही कामावर आहेत," ती म्हणाली.
"रजेवर कुणी नाही."

एल्डन उलट्या बादलीवर बसला होता,
जॅकेटच्या खिशात दोन्ही हात.
त्या रविवारी टॉर्च त्याने धरला होता,
अंधार पडेपर्यंत, आणि पडल्यावरही.
अकरा वर्षांचा हात. दुखला. उजेड हलला.
तेव्हा मी जे बोललो
ते हात लावलेल्या गोष्टींत
मी धरलं नव्हतं.

थेल्माने रबरी नळीचा तुकडा कानाला लावला
आणि दुसरं टोक इंजिनावरून फिरवलं,
डॉक्टर छाती तपासतो तसं, सावकाश.
मागच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही, थांबली.
हात आत घातला, कोपरापर्यंत.
कुठेतरी अंगठा दाबला.

आणि इंजिन गप्प झालं.
बंद नव्हे. गप्प,
रडून रडून झोपलेल्या पोराच्या श्वासासारखं.
मडगार्डवरच्या तिच्या कपातली कॉफी
थरथरायची थांबली.

"इथे एक रबराची टोपी असते,
करंगळीच्या पेराएवढी.
ती नसली की हे मापाबाहेरची हवा पितं."

तिथे काही नव्हतंच, मी म्हणालो.
जरा मोठ्यानेच म्हणालो.

एल्डन उठला.
खिशातून च्युइंगमचा कागद निघाला,
बावीस बोअरची रिकामी पुंगळी,
आणि टोपी.

कधी सापडली?
"त्याच रात्री. ट्रकखाली."
मग बोलला का नाहीस?
उत्तर त्याने थेल्माकडे बघून दिलं :
"त्याने सांगितलं होतं ना, तोंड बंद ठेव."

वाऱ्याने पत्रा एकदा उचलला, एकदा टाकला.
थेल्माने अंगठा काढला नव्हता.
"ये," ती त्याला म्हणाली, "तूच लाव.
याची बोटं जाडी आहेत."

वीस डॉलर झाले. टोपी आमचीच होती.

घरी येताना फाटक पडलं.
धान्याची मालगाडी, तिला कसली घाई.
ट्रक उभा, आरसा निश्चल,
मागे गाडी एकच, आणि ती ड्वेनची.
एल्डन डबे मोजत होता, ओठांतल्या ओठांत.
साठाच्या पुढे कधीतरी मी म्हणालो,
त्या दिवशी टॉर्च चांगला धरला होतास.

"नाही," तो म्हणाला, "हलत होता."
आणि पुढे :
त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर,
आणि जरा मोठ्याने, मलाही ऐकू येईल असं,
पंचाहत्तर.